नाईकाचा मुलगा नाईक

फराळाच्या ताटात राजकारणाचे कारले कशाला वाढता, असे या सदराच्या एका वाचक भगिनींचे म्हणणे आहे. म्हणणे रास्त आहे. परंतु नरक चतुर्दशीच्या पहाटे कडू कारीट पायाखाली चिरडून त्याचा थेंब जिभेला लावल्यावाचून पहिली करंजी तोंडात घालायची नाही, ही रीतही आपल्याच घरांतली. तेव्हा हे पान कारिटाचे समजावे आणि मग खुशाल पुढल्या पानावरील कथेकडे वळावे.

विषय आहे चिरंजीवांचा. वर्तमानपत्रात पक्षाच्या मेळाव्याचे छायाचित्र येते. मध्यभागी तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण. गळ्यात हार मावत नाहीत. शेजारी वडील कृतकृत्य मुद्रेने उभे. आणि मागल्या रांगेत सतरंज्या उचलता उचलता केस पिकलेले चार जुने कार्यकर्ते टाळ्या वाजवीत आहेत. हे चित्र पाहून मध्यमवर्गीय घरातील कर्ता पुरुष चहाची कपबशी खाली ठेवतो आणि म्हणतो, "घ्या, आणखी एक युवराज!" इथवर ठीक. पण त्याच घरातील मंडळी तापाच्या औषधासाठी ज्यांच्याकडे जातात ते जुन्या डॉक्टरांचे चिरंजीव असतात. घराचे कागदपत्र ज्या वकिलांपाशी आहेत त्यांच्या दारावर अजून त्यांच्या तीर्थरूपांच्या नावाची पितळी पाटी असते. गवयाचा मुलगा गाऊ लागला, तर आपण 'घराण्याची तालीम आहे हो!' म्हणून मान डोलावतो. मग पुढाऱ्याचा मुलगा पुढारी होताच आपल्या कपाळाला आठी का पडावी?

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर शोधायला दिल्लीपर्यंत धाव घेण्याचेही कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातले पुसद पुरेसे आहे. एकाच घरातून दोन मुख्यमंत्री झाले अशी घराणी महाराष्ट्रात दोनच. एक नांदेडच्या चव्हाणांचे, तेथे शंकरराव आणि अशोकराव हे पितापुत्र. दुसरे पुसदच्या नाईकांचे, तेथे वसंतराव आणि सुधाकरराव हे काकापुतणे. पुसदच्या या काकापुतण्यांचे जन्मगावही एकच. यवतमाळहून दारव्हा, दिग्रस मागे टाकीत गेले की डोंगरांच्या कुशीत पूस नदीकाठी पुसद लागते. त्या तालुक्यातील गहुली हे ते गाव.

आता मौज अशी की, नाईक हे मुळात आडनावच नव्हे. ते पद आहे. बंजारा समाजाच्या तांड्याचा जो मुख्य, तो नाईक. तांडा आज डोंगरउतारावर स्थिरावलेला दिसतो. परंतु रेल्वे येण्यापूर्वी तो चालता गाव होता. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक मुलुखातून मुलुखात जात. अशा वेळी पुढल्या मुक्कामाला पाणी आहे की नाही, बैलांना चारा कोठे मिळेल, वाटेतल्या ठाणेदाराशी कसे बोलायचे आणि लढाई चालू असलेल्या मुलुखातून माल कसा पार करायचा, हे सारे ठरवायचे नाईकाने. नाईकी बहुधा बापाकडून मुलाकडेच जाई. पण नाईक एकटा नसे. जोडीला कारभारी असे, आणि तांड्याची बैठक असे. मुलगा अगदीच नादान निघाला, तर बैठक दुसऱ्याकडे पाहू शके. कारण उघड होते. नाईक चुकला तर पाण्यावाचून बैल मरत, आणि ते दुसऱ्याच दिवशी मरत. पाच वर्षे वाट पाहावी लागत नसे.

वंशपरंपरेच्या या जुन्या पद्धतीत जो धाक होता, तो आमच्या डॉक्टर-वकिलांच्या उदाहरणातही आहे. जुन्या डॉक्टरांच्या पुण्याईवर रोगी चिरंजीवांकडे एकदा जातो, फार तर दोनदा. गुण आला नाही की तो पलीकडच्या गल्लीतला दवाखाना गाठतो. गवयाच्या मुलाचा सा लागला नाही तर मैफलीत तो लपत नाही. राजकारणाच्या वारशात नेमका हा धाक सैल पडलेला असतो. बेसूर गाणाऱ्याला तेथे साथीदार मिळतात, टाळ्या मिळतात, आणि पाच वर्षांनी 'अनुभवी गायक' म्हणून पुन्हा उमेदवारीही मिळते.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे मुख्य. तेव्हा वसंतराव शून्यातून वर आले असे चरित्रकारी थाटात म्हणणे बरोबर नाही. घरी शेतीवाडी होती, मान होता. पण तांड्यातल्या नाईकीला नागपूरच्या कोर्टात किंवा कचेरीत कवडीची किंमत नव्हती. किंमत नव्हती एवढेच नव्हे, काही प्रांतांत बंजारा या नावावर इंग्रज सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारून ठेवला होता. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. अशा समाजातला मुलगा निरनिराळ्या गावी प्राथमिक इयत्ता उरकून अमरावती-नागपूरला शिकला, वकील झाला, अमरावतीस पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि मग पुसदला स्वतःची पाटी लावली. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातील वत्सलाबाईंशी विवाह केला. ब्राह्मण मुलगी आणि तांड्यातला वकील! त्या काळी या लग्नाने दोन्हीकडची मंडळी किती दुखावली असतील, याची कल्पना आमच्या जुन्या वाचकांना सहज येईल.

पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद. १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत प्रवेश आणि महसूल खात्याचे उपमंत्रिपद. मग द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि शेती. १९६० नंतर महाराष्ट्राचे महसूल खाते. १९६३ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार अकाली वारले. हे कन्नमवार चंद्रपूरचे. लहानपणी वर्तमानपत्रे विकलेले गृहस्थ. त्यांच्यामागून ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून अधिक! इतका काळ ती खुर्ची महाराष्ट्रात दुसऱ्या कोणालाही लाभलेली नाही. कन्नमवार काय, नाईक काय, दोघांनाही वडिलांनी धरून आणून व्यासपीठावर बसविलेले नव्हते.

तोंडात पाइप, अंगात सूट आणि बोलण्यात ज्वारीच्या संकरित बियाण्याची गोष्ट, असा हा मुख्यमंत्री शहरी लोकांना थोडा कोड्यात टाकी. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यापुढल्या सभेत त्यांनी सांगून टाकले, की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वावलंबी झाले नाही तर खुशाल फासावर चढवा. दोन वर्षांत ते साधले नाही, आणि १९७२ च्या दुष्काळाने तर साऱ्यांचेच हिशेब चुकविले; पण त्याच दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली, आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो, तो उगाच नव्हे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने वसंतरावांचे सर्वांत मोठे काम ज्वारीचे नाहीच. ते शिडीचे आहे. १९६० च्या जूनमध्ये सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते महसूलमंत्री वसंतराव नाईक. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा बळकट करावा असे सुचविले. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी, शेतीचे बियाणे, सारे या पायऱ्यांवर आले. आणि त्याबरोबर माणसेही आली. ज्याचा बाप आमदार नव्हता, ज्याने मुंबई नकाशातच पाहिली होती, असा शेतकऱ्याचा मुलगा सरपंच होऊन पंचायत समितीत जाऊ लागला, तेथे टेबलावर मूठ आपटायला शिकू लागला, अंदाजपत्रक वाचू लागला. राजकारणाची तालीम द्यायला महाराष्ट्रात एक सार्वजनिक आखाडा तयार झाला. फी नाही, वशिला थोडा, घराण्याची अट मुळीच नाही.

या आखाड्यातून जे मल्ल निघाले त्यांत खुद्द वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण वारस म्हटला की तो वरच्या मजल्यावर उचलून ठेवलेलाच असणार असा आपला समज असतो. सुधाकरराव गहुलीचे सरपंच झाले. मग पुसद पंचायत समितीचे सभापती. मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. काकांनी बांधलेल्या शिडीची एकही पायरी त्यांनी गाळली नाही. काकांचे नाव पाठीशी नव्हते असे कोण म्हणेल? नाव होते, आणि नावामुळे पहिल्या पायरीशी गर्दी बाजूला सरली असेल. पण सरपंचाला गावातल्या भांडणात मध्यरात्री उठावेच लागते, आणि सभापतीला हातपंप बिघडल्याच्या तक्रारी ऐकाव्याच लागतात.

२५ जून १९९१ रोजी सुधाकरराव मुख्यमंत्री झाले. शरद पवार संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. त्यांच्या मागे विश्वासाचा माणूस म्हणून सुधाकररावांची निवड झाली. हा विश्वासू माणूस पुढे आपल्याच डोक्याने चालू लागला, ही पवारांच्या बाजूने तक्रार आणि सुधाकररावांच्या बाजूने कैफियत. राजकारणी गुंडांवर त्यांनी हात टाकला, तो कोणाचे काही न ऐकता. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली, माणसे मेली आणि त्यांचे सरकार ती आग आवरू शकले नाही. हा डाग त्यांच्या कारकिर्दीवर राहिला, मुख्यमंत्रिपद गेले, मार्चमध्ये पवार परत आले. पण त्याच अल्पशा काळात त्यांनी जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभारले आणि पुढे सत्ता गेल्यावरही पाणी अडविण्याचा ध्यास सोडला नाही. १० मे २००१ रोजी ते निवर्तले. महाराष्ट्रात तो दिवस जलसंधारण दिन आहे. मुंबईकराला त्यांची दंगल आठवते आणि माळरानावरच्या शेतकऱ्याला बांध आठवतो. दोघांचेही खरे आहे.

सुधाकररावांच्या पाठीमागून धाकटे बंधू मनोहरराव आले. अनेकदा आमदार, २००९ नंतर अन्न व औषध प्रशासनाचे मंत्री. २०१४ मध्ये मोदींच्या लाटेत यवतमाळ जिल्ह्यातील सातपैकी सहा जागा भाजप आणि शिवसेनेने उचलल्या. सातवी पुसदची, तेवढी मनोहररावांनी राष्ट्रवादीकडे राखली. २०१९ मध्ये मनोहरराव बाजूला झाले आणि त्यांचे चिरंजीव इंद्रनील नाईक उमेदवार झाले. ती निवडणूक अभ्यास करण्याजोगी आहे. राष्ट्रवादीतर्फे इंद्रनील नाईक. भाजपतर्फे त्यांचेच चुलतभाऊ निलय नाईक. मतदाराने बदल हवा म्हणावे तरी नाईक, आणि बदल नको म्हणावे तरी नाईकच. पूर्वी तांड्याच्या बैठकीपुढे प्रश्न असे तो 'नाईक कसा आहे' हा; पुसदच्या मतदारापुढे त्या वर्षी प्रश्न होता 'नाईक कोणता' हा. इंद्रनील निवडून आले. २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले, आणि त्या वर्षी १५ डिसेंबरला नागपुरात राज्यमंत्री म्हणून त्यांचा शपथविधी झाला.

मंत्र्यांचा शपथविधी नागपुरात होण्याचा योग याआधी १९९१ च्या डिसेंबरात आला होता. मुख्यमंत्री होते सुधाकरराव. त्या दिवशी शपथ घेणाऱ्यांत शिवसेना सोडून आलेले छगन भुजबळ होते. भायखळ्याच्या मंडईत भाजीचा धंदा केलेला माणूस. तेहतीस वर्षांनी त्याच नगरीत सुधाकररावांचा पुतण्या मंत्री झाला आणि त्या यादीत भुजबळांचे नाव नव्हते (ते पुढे २०२५ च्या मे महिन्यात आले). अर्थात भुजबळांची फार कीव करण्याचे कारण नाही. मधल्या काळात त्यांचे चिरंजीव आणि पुतणेही राजकारणात स्थिरस्थावर झाले होते. मंडईतून आलेल्या माणसाला घराणे उभारायला दोन दशकेही लागत नाहीत!

इंद्रनीलरावांना जी खाती मिळाली त्यांत मृद व जलसंधारण हे एक. म्हणजे चुलत्याने काढलेले खाते पुतण्याच्या दारी आले. आणि त्या खात्याचे कॅबिनेट मंत्री कोण? संजय राठोड. तेही यवतमाळ जिल्ह्यातलेच, तेही बंजारा समाजातलेच. पण यांच्या मागे घराणे नव्हते. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख म्हणून मोर्चे काढीत ते वर आले आणि २००४ मध्ये दारव्ह्यातून त्यांनी माणिकराव ठाकरे या मंत्र्यालाच पाडले. एकाच जिल्ह्यातले, एकाच समाजातले, एकाच खात्यातले हे दोन मंत्री. एक नाईकाच्या घरातला, दुसरा तांड्यातला. हा योगायोग कोणी कादंबरीत घातला असता तर संपादकांनी 'फारच जुळवून आणले आहे' म्हणून परत पाठविला असता.

घराण्याचे नाव नेहमीच तारते असेही नाही, हे सांगायलाही हाच जिल्हा उपयोगी पडतो. माणिकराव ठाकरे २००८ ते २०१५ या काळात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. राज्यभरच्या उमेदवाऱ्यांत ज्यांचा शब्द चाले, त्यांच्या चिरंजीवांना २०१४ मध्ये यवतमाळकरांनी घरी पाठविले. भावना गवळींची कथा आणखी वेगळी. वडील पुंडलीकराव १९९६ मध्ये वाशीमचे खासदार झाले. १९९९ मध्ये ऐन पंचविशीत कन्या त्या जागेवर निवडून आली आणि आधी वाशीम, मग यवतमाळ-वाशीम, अशी सलग पाच वेळा लोकसभेत गेली. आमच्याकडे वारस म्हटले की मुलगा नाहीतर पुतण्या. त्यात ही मुलगी उठून दिसते. आणि २०२४ मध्ये पक्षाने त्यांनाच उमेदवारी नाकारली! सलग पाच विजय मिळविलेल्या बाईंना पक्षाच्या दारात थांबावे लागले. पुढे विधान परिषदेवर त्यांची सोय झाली. दार उघडणाराच दार लावूनही घेऊ शकतो. ज्याने ते स्वतःच्या खांद्याने उघडलेले असते, त्याला निदान कडी कोठे आहे ते ठाऊक असते.

वारसांनी स्वतः हा प्रश्न ओळखला नाही असेही नाही. राहुल गांधी २००७ च्या सप्टेंबरात काँग्रेसचे सरचिटणीस झाले. पुढल्याच वर्षी ते यवतमाळ जिल्ह्यातील जळका गावी आले, कर्जापायी नवरा गमावलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या घरी बसले, आणि जुलैमध्ये लोकसभेच्या भाषणात त्यांनी तिची हकिकत सांगितली. देशातल्या सर्वांत थोर घराण्याचा वारस आणि देशातल्या सर्वांत दुर्दैवी जिल्ह्यातली विधवा. वर्तमानपत्रांना याहून मोठे चित्र कोणते हवे होते? पण आम्हांला त्यांचा दुसरा प्रयोग अधिक बोलका वाटतो. पक्षात घराणेशाही माजली आहे असे म्हणून त्यांनी युवक काँग्रेसमध्ये सभासदांच्या मतांनी निवडणुका घ्यायला लावल्या. हेतू चांगला होता. परंतु सभासद नोंदवायचे तर माणसे हवीत, मोटारी हव्यात, पैसा हवा, हाताशी दोनचार कॉलेजे असतील तर उत्तमच. हे सारे कोणाच्या घरी होते? महाराष्ट्रात युवक काँग्रेसच्या अध्यक्षपदी पतंगराव कदमांचे चिरंजीव विश्वजीत आले. पुढे सत्यजीत तांबे आले, आमदारांचे चिरंजीव आणि बाळासाहेब थोरातांचे भाचे. दोघेही कर्तबगार असतील. आमचा वाद त्यांच्याशी नाही. घराणेशाही मोडायला काढलेल्या परीक्षेत घराण्यांचीच मुले पहिली आली, एवढेच नोंदवितो.

आणि ज्यांना घराणे नव्हते त्यांची मुले? सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील हे नाव काढताच अजूनही माणसे हळवी होतात. गरिबीतून शिकलेला हा माणूस १९७९ पासून जिल्हा परिषदेत अकरा वर्षे होता. तेथून आमदार झाला, गृहमंत्री झाला, उपमुख्यमंत्री झाला. वसंतरावांच्या शिडीने महाराष्ट्राला दिलेली ही उत्तम देणगी. २०१५ मध्ये ते गेले. पत्नी सुमनताई त्या जागी आमदार झाल्या. आणि २०२४ मध्ये चिरंजीव रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी निवडून आले, सभागृहातले सर्वांत लहान आमदार. मुलगा चुणचुणीत आहे, वडिलांसारखा बोलतो, ऐकताना आम्हांलाही बरे वाटते. पण वडिलांनी जिल्हा परिषदेत काढली ती अकरा वर्षे मुलाच्या हिशेबात कोठे धरायची, ते कळत नाही.

विदर्भातले आमचे एक स्नेही या साऱ्यावर चिडतात. त्यांचे म्हणणे असे : "तुम्हां पुण्यामुंबईच्या लोकांना घराणेशाही दिसते. आमच्या तांड्याला एक दार दिसते. मुंबईत आपला माणूस म्हणून सांगायला नाईकसाहेबांचे एकच घर होते. पोराला कॉलेजात घालायचे, बाईला दवाखान्यात न्यायचे, तहसीलदाराने हाकलले तर कोणाला सांगायचे? त्या घराचे दार बंद झाले तर आम्ही कोणाकडे जायचे?" हे खोटे नाही. पुसदला फुलसिंग नाईकांच्या नावाचे महाविद्यालय आहे, बाबासाहेब नाईकांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना घराणेशाहीवर व्याख्यान देणे आम्हांला जड जाईल. लहान समाजाला, शिक्का बसलेल्या समाजाला, आपल्यातले एखादे घर मोठे झालेले हवे असते. त्यात त्याचा स्वार्थ आहे आणि स्वाभिमानही आहे.

बंजाऱ्यांची दिवाळीची एक रीत फार सुंदर आहे. अमावास्येच्या रात्री तांड्यातल्या अविवाहित मुली हातात दिवे घेऊन निघतात आणि गात गात घरोघरी शुभ चिंतितात. 'मेरा' म्हणतात तिला. पहिला मान नाईकाच्या घराचा. तेथून तो दिवा पुढल्या दारी, मग त्याच्या पुढल्या. शेवटच्या झोपडीपर्यंत दिवा गेल्यावाचून मुली परतत नाहीत. आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच विचारले, की नाईकाच्या घरी दिवा तीन पिढ्या थांबला असेल, तर पुढल्या घरांनी काय करावे? ते म्हणाले, "राठोडांच्या घरी गेला की!" आम्ही निरुत्तर झालो. मग तेच थोड्या वेळाने म्हणाले, "पण आता तसा नवा राठोड निघायचा कोठून, ते मात्र विचारू नका."

विचारायचे आहे ते हेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. त्यांत यवतमाळची होती. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद कोर्टात होता, प्रभागरचनेचा घोळ होता, कारणे पुष्कळ होती. जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले. २०२२, २०२३, २०२४, २०२५ : चार दिवाळ्या. सुधाकरराव ज्या खुर्चीवर बसून मंत्रालयाच्या वाटेला लागले, ती यवतमाळच्या अध्यक्षाची खुर्ची चारही दिवाळ्यांना रिकामी होती. कारभार अधिकारी पाहत होते. या काळात विधानसभेची निवडणूक वेळेवर झाली, लोकसभेचीही झाली. वरचा मजला झाडूनपुसून लख्ख. जिना तेवढा बंद. आणि याबद्दल कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही चिरंजीवाने रस्त्यावर येऊन गळा फोडल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांना जिन्याची गरज नव्हती हे खरे. पण ज्या पुसदच्या माणसाने हा जिना बांधला त्याचेच रक्त नागपुरात मंत्रिपदाची शपथ घेत होते, म्हणून आमची अपेक्षा थोडी अधिक होती. कृषिदिनाला वसंतरावांच्या तसबिरीला हार घालताना इंद्रनीलरावांनी ज्वारीबरोबर या जिन्याचीही आठवण काढावी. मंत्र्याला ती मंत्रिमंडळाच्या बैठकीतही काढता येते.

ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र त्या वर्षांतही होत राहिल्या. तेव्हा आडगावचा एखादा शिकलेला, उमेदीचा पोरगा सरपंच झालाच असेल. पुढे काय करावे म्हणता? पंचायत समिती बंद, जिल्हा परिषद बंद. तो तालुक्याच्या गावी गेला असेल, चौकात साहेबांच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाचा मोठा फलक लागलेला पाहिला असेल, आणि छापणाऱ्याला पैसे देऊन त्या फलकाच्या तळाशी, टपालाच्या तिकिटाएवढ्या तोंडांच्या ओळीत, आपलेही तोंड बसवून घेतले असेल.